राखेनंतरचं घर : सातपुड्यातील वणवा, विस्थापन आणि पुनर्वसन

आजच्या व्याख्यानाचा विषय पुनर्वसन हा आहे. हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्यात नेमकं काय मागितलं जातंय, याचा विचार करायचं राहून जातं. 'पुन्हा वसणं' म्हणजे काय? जे गेलं ते परत मिळणं, असं आपण गृहीत धरतो. पण गेलेली वस्तू परत येते का?

न्यायवैशेषिकांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केलेला आहे. घडा फुटल्यावर जो अभाव निर्माण होतो त्याला ते प्रध्वंसाभाव म्हणतात. या अभावाला आरंभ असतो, शेवट नसतो. फुटलेला घडा कायमचा गेला. कुंभार उद्या दुसरा घडा करेल, पण तो दुसराच असेल. मग कुंभाराला दुसरा घडा करता यावा म्हणून काय शिल्लक असायला हवं? माती, चाक, दांडा, आणि स्वतः कुंभार. शास्त्रकारांच्या भाषेत समवायी कारण आणि निमित्त कारण. पुनर्वसनाच्या योजनेने घडा द्यायचा की घड्याची कारणं द्यायची, या एका प्रश्नाभोवती आज आपण नंदुरबार जिल्ह्याचा इतिहास बघणार आहोत.

नंदुरबार हा तसा तरुण जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी तो धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार इथली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. उत्तरेला अक्कलकुवा आणि धडगाव म्हणजे अक्राणी हे सातपुड्यातले तालुके, त्यांच्या पलीकडे नर्मदा. खाली तळोदा, शहादा, नंदुरबारचा तापीकाठचा सपाट भाग. डोंगर आणि सपाटी यांच्यातली ही उतरंड लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

आता सातपुड्यातलं घर बघू. भिल्ल आणि पावरा समाजाचे पाडे विखुरलेले असतात. गल्लीला गल्ली लागून घरं नसतात, ज्याचं घर त्याच्या शेतात. सागाच्या मेढी रोवायच्या, वर आढं आणि वासे, बांबूचा कूड विणून त्यावर शेणमातीचा गिलावा, वर कौलं किंवा गवत. एकाच छपराखाली माणसं, गुरं, धान्याच्या कोठ्या. घर उभं करायला पाड्यातली माणसं जमतात, घरधनी जेवण घालतो. म्हणजे बघा, या घराला रोख पैसा फारसा लागत नाही, जंगल लागतं आणि शेजार लागतो. हीच त्याची माती आणि हाच त्याचा कुंभार.

मिळकतीचंही तसंच. डोंगरउताराची पावसाळी शेती, आणि तिच्या जोडीला मोहफुलं, चारोळी, डिंक, टेंभुर्णीची पानं, घराभोवतालच्या आंब्यांचं आमचूर. होळीच्या मागेपुढे मोहाचा हंगाम सुरू होतो. शेतातलं धान्य संपत आलेलं असतं, आणि हातात पैसा येतो तो मोहातून. याच दिवसांत वणव्याचाही हंगाम असतो. आपल्याकडचे वणवे बहुतांशी माणसाच्या हातून लागतात आणि जमिनीलगत पसरतात. मोहाचं फूल पाचोळ्यात दिसत नाही म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, वारा सुटतो, आग पुढे जाते. ती शेंडे जाळत नाही. रोपं, गवत, पाला आणि जमिनीवर पडलेलं बी जाळते. घरं एकमेकांपासून दूर असल्याने अख्खं गाव सहसा पेटत नाही, एखादं घर, एखादी गंजी, गुरांचा चारा जातो. त्यामुळे अशा आगीला 'आपत्ती' असं कुणी म्हणत नाही. पण दरवर्षी थोडी थोडी माती जळते आणि दहा वर्षांनी घडे होईनासे होतात.

कायद्याने या आगीकडे कसं पाहिलं? १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलाची चौकट पक्की केली आणि खानदेशातल्या डोंगरी माणसाचा घराच्या सामानाशी असलेला संबंध सवलतीचा झाला. सरकारने दिली तर मिळेल. पुढे १९२७ चा भारतीय वनकायदा आला, तो आजही लागू आहे. त्याची दोन कलमं आपण शेजारी शेजारी ठेवून वाचूया. कलम ७९ सांगतं की जंगलात ज्यांचे हक्क आहेत त्यांनी आगीची खबर द्यावी आणि ती विझवायला लागावं. कलम २६ सांगतं की राखीव जंगलात जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर गुन्हेगाराला शिक्षा झालेली असली तरीसुद्धा सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क योग्य वाटेल तितक्या काळासाठी थांबवू शकतं.

याचा अर्थ नीट समजून घ्या. आग एकाने लावली, हक्क सगळ्यांचे थांबले. ज्याने ती रात्रभर झोडपून विझवली त्याचेही. ज्या वर्षी जंगल जळालं, त्याच वर्षी जंगलातून जगण्याची वाट बंद. नवीन मेढ कुठून आणायची, गुरं कुठे न्यायची? कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इमारती लाकूड होतं, म्हणून नुकसान झाडाचं मोजलं गेलं. माणूस त्यात आला तो मजूर म्हणून किंवा संशयित म्हणून. नुकसान सोसणारा म्हणून त्याची नोंदच नाही.

स्वातंत्र्यानंतर आपत्तीच्या मदतीचे निकष आले. आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत आग आहे, हे चांगलंच आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या पक्क्या किंवा कच्च्या घराला सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरवले आहेत. त्याच यादीत 'झोपडी' असा वेगळा रकाना आहे. तिला ८ हजार. झोपडीची व्याख्या काय? कच्च्या घराहून कमी दर्जाचा, गवत-माती-प्लॅस्टिकचा तात्पुरता निवारा. आता सागाच्या मेढींवर उभं असलेलं, तीन पिढ्या नांदलेलं, पण भिंत कुडाची आणि छप्पर गवताचं, असं घर पंचनाम्यात कोणत्या रकान्यात जाईल? एका शब्दाने रकमेत सोळापट फरक पडतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही मुलांना सांगायचो की व्याख्या हे गंमतीचं काम नाही. त्याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही.

आणि घराला निदान रकाना तरी आहे. पिकाच्या नुकसानीचा रकाना शेतजमिनीवरच्या पिकासाठी आहे. जंगलातल्या मोहाचं, चारोळीचं उत्पन्न त्यात बसत नाही. बी रुजल्यापासून मोहाला फुलांचा सडा पडायला दहा वर्षं तरी लागतात. जळालेल्या रोपांचा हिशेब दहा वर्षांनंतरच्या ताटात लागायचा असतो, आणि पंचनामा तर आठवड्यात संपतो.

जिथे पैसा आणि यंत्रणा भरपूर आहे तिथे तरी हे सुटलं का? नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव वणव्यात जळालं. ८५ माणसं गेली, १८ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. पुढच्याच वर्षी गावाने दीर्घकालीन पुनर्उभारणीचा आराखडा केला, लोकांना विचारून केला. पण तिथली उभारणी विम्यावर आणि मालकीच्या कागदावर चालते. भाड्याने राहणारा, विमा नसलेला माणूस मागे पडला. म्हणजे देश बदलला तरी कागदावर नसलेला माणूस आधी गळतो, हे बदलत नाही.

नंदुरबारने दीर्घकालीन पुनर्वसनाचा एक फार मोठा प्रयोग पाहिलेला आहे. तो आगीमुळे नाही, पाण्यामुळे. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, ९ अक्कलकुव्याची आणि २४ अक्राणीची. नर्मदा पाणीतंटा लवादाचा १९७९ चा निवाडा त्या काळाच्या मानाने उदार होता, हे आधी मान्य करू. पैशाऐवजी जमिनीला जमीन, कुटुंबाला किमान २ हेक्टर ओलिताची, सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब, घरासाठी ६० बाय ९० फुटांचा भूखंड. दर शंभर कुटुंबांना शाळा, दर पन्नास कुटुंबांना पाण्याची विहीर, इतका तपशील. या निवाड्याने घराबरोबर मातीचाही विचार केला होता.

अडचण दोन ठिकाणी आली. पहिली, माती म्हणजे फक्त सातबाऱ्यावरची जमीन असं धरलं गेलं. या पट्ट्यातल्या कितीतरी कुटुंबांची शेती वनजमिनीवर होती. ते कसत होते पिढ्यान्‌पिढ्या, कागदावर मात्र ते अतिक्रमणदार. १८७८ ची रेघ शंभर वर्षांनी अशी आडवी आली. दुसरी अडचण जागेची. १९९० आणि १९९४ अशा दोन टप्प्यांत तळोद्याचं ४,२०० हेक्टर जंगल पुनर्वसनासाठी मोकळं करण्यात आलं. एका डोंगरातल्या माणसाचं घर बसवायला दुसऱ्या भागातलं जंगल तोडलं, आणि त्या जंगलाच्या आधाराने जगणारी गावं तिथे आधीपासून होती. रोझवा, नर्मदानगर, रेवानगर, सरदारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. रस्ता, वीज, शाळा, काळी जमीन आली, मुलं शिकली. हे नाकारण्याचं कारण नाही. पण डोंगरात जी गोष्ट फुकट होती ती सपाटीवर विकत घ्यावी लागली. सरपण, चारा, मासळी, मोह, बांबू. विखुरलेला पाडा सरळ रांगेत बसवला गेला.

रांगेची ही आवड फक्त इथलीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवली गेली. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. म्हणजे आधी जो जितका होता, तितकाच त्याला परत उभा केला. याउलट, ज्या गावांत नुकसान कमी होतं तिथे घरमालकाच्या हाती पैसे आणि मार्गदर्शन देऊन दुरुस्ती त्याच्याकडूनच करून घेतली. तिथे कुंभार जागेवर राहिला.

महाराष्ट्राला दुसरी वाटही ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळातून मदतीचं एक काम सुरू झालं आणि त्याचा १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. संकटात दिलेली भाकर हक्कात बदलली. पुनर्वसनाचा विचार करताना आम्हाला हे उदाहरण सर्वांत मोलाचं वाटतं.

वनहक्क कायदा २००६ ने सातपुड्यासाठी तेच केलं, निदान कागदावर. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर ४ हेक्टरपर्यंत हक्क, गौण वनोपजावर मालकी, त्यात बांबूही आला. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सामूहिक वनाचं रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा हक्क. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात गावालगतच्या वनजमिनीवर घर बांधण्याची वाटही मोकळी केली. कलम २६ च्या शेजारी आता हा कायदा ठेवून बघा. तिथे आग लागली की हक्क थांबतो. इथे आग लागू नये यासाठीच हक्क दिलेला आहे.

हे चालतं का? शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. गावाने नव्वदच्या दशकापासून नियम करून चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखलं. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, पण काम अख्ख्या पाड्याचं आहे. राखणदार गावचा असला की ठिणगीही गावालाच आधी दिसते.

मग वणव्यानंतरचा आराखडा कसा असावा? तो काळाप्रमाणे मांडावा असं आम्हाला वाटतं. पहिल्या पावसाळ्याआधी छप्पर, चारा आणि बियाणं, आणि पंचनाम्यात ग्रामसभेची साक्ष, म्हणजे घराला झोपडी लिहिलं जाणार नाही. घराच्या सामानासाठी सामूहिक वनातला बांबू आणि लाकूड ग्रामसभेच्या ठरावाने. पुढची तीन-चार वर्षं जळालेल्या भागात रोजगार हमीची कामं, जाळरेषा, समतल चर, रोपांची राखण, म्हणजे हंगाम बुडालेल्या कुटुंबाला ऊसतोडीला सुरत-बारडोलीकडे जावं लागणार नाही. मोहाखाली पाचोळा जाळण्याऐवजी झाडून काढणं किंवा जाळी, जुनी साडी बांधणं. आणि दहा वर्षांचा टप्पा मोहाच्या रोपांचा, ज्याचा हिशेब त्याच ग्रामसभेने ठेवायचा. यातलं काहीही खर्चिक नाही. अवघड आहे ते इतकंच की ज्याला आपण दीडशे वर्षं संशयित समजलो त्याला आता व्यवस्थापक मानायचं आहे.

सामूहिक वनहक्काचे दावे मंजूर होणं, त्यांचे नकाशे हाती पडणं आणि व्यवस्थापनाचे आराखडे होणं ही कामं सरकारी दफ्तरात सावकाश चालतात. वणवा मात्र फाल्गुनात वेळेवर येतो. तेव्हा आपल्यापैकी जे धडगाव-मोलगीकडे काम करतात त्यांना आमची एकच सूचना आहे. आपल्या गावाच्या आराखड्यात आगीनंतरचं पान आहे का, ते या होळीआधी उघडून बघा. नसेल तर ग्रामसभेत बसून लिहा.

इथे थांबूया. आता तुमचे प्रश्न घेऊ.