यमूपासून मुकुंदपर्यंत : मराठीतील वाढत्या वयाच्या कादंबऱ्या

मे महिन्याची सुट्टी लागली की पुस्तकांच्या दुकानात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. ‘मुलगी आता आठवीत जाईल, तिला वाचायला काय द्यावे?’ चांदोबा-परीकथांचे वय सरलेले असते आणि मोठ्यांची पुस्तके हाती द्यावीत इतके धाडस पालकांपाशी नसते. दुकानदार मग दोन-चार संस्कारक्षम पुस्तके पुढे करतो. ती घरी येतात आणि बहुधा न वाचताच कपाटात जातात. त्याच घरात आईने किंवा काकाने कधी काळी वाचलेली, पाने सुटलेली ‘शाळा’ नाहीतर ‘वनवास’ मात्र कोणी न सांगता त्या मुलीच्या हाती पडते आणि रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीतला दिवा मालवला जात नाही. हे असे का घडते, याचा विचार करणे वाचनसंस्कृतीबद्दल हळहळ व्यक्त करण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

बालपणातून तारुण्याकडे होणारा प्रवास हा ज्यांचा विषय आहे अशा कादंबऱ्यांना युरोपीय समीक्षेत ‘बिल्डुंग्जरोमान’ अशी संज्ञा आहे. कार्ल मॉर्गनस्टर्न या प्राध्यापकांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी योजली आणि गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’ (1795-96) या कादंबरीकडे या प्रकाराचा नमुना म्हणून पाहिले गेले. पुढे इंग्रजीत डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ (1849-50) व ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (1860-61) आणि विसाव्या शतकात सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’ (1951) ही या परंपरेची ठळक नावे ठरली. मराठीत या प्रकाराला सर्वमान्य असे नाव रुळलेले नाही. परंतु परंपरा मात्र आहे आणि ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

साहसकथांपेक्षा वेगळी वाट

प्रथम एक फरक स्पष्ट केला पाहिजे. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या किंवा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हे मराठी मुलांचे अत्यंत लाडके नायक आहेत. मात्र फुरसुंगीचा बनेश फेणे कितीही साहसे करून परतला तरी पुढच्या पुस्तकात तो तितकाच लहान, तितकाच चपळ असतो. त्याचे वय वाढत नाही, आणि वाढू नये हीच वाचकाची इच्छा असते. वाढत्या वयाच्या कादंबरीत याच्या उलट घडते. शेवटच्या पानावरचा नायक पहिल्या पानावरचा राहिलेला नसतो. त्याचे काहीतरी कायमचे गेलेले असते आणि ते गेले हे त्याला कळलेले असते.

आरंभ एका मुलीपासून

या परंपरेचा मराठीतील आरंभ शोधताना हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीपाशी थांबावे लागते. ‘करमणूक’ या त्यांच्या साप्ताहिकातून ती 1890 पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमुना ऊर्फ यमू आपल्या लहानपणापासूनची हकीकत स्वतःच सांगते. भावाशी होणारी भांडणे, आईची ओढ, घरातले धाक आणि कोवळ्या वयात झालेले लग्न. पतीच्या रूपाने तिला शिक्षणाची व मोकळ्या आयुष्याची चाहूल लागते न लागते तोच वैधव्य आणि सक्तीचे केशवपन तिच्या वाट्याला येते.

ही कादंबरी प्रसिद्ध होत असतानाच, 1891 साली, संमतिवयाचा कायदा संमत झाला आणि मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर आले. महाराष्ट्रात त्या प्रश्नावर रणे माजली होती. आपट्यांनी त्या वादात शास्त्रार्थ मांडला नाही. एका मुलीला बोलू दिले. मोठे होण्याची संधी नाकारलेल्या मुलीची ही मोठे होण्याची कथा आहे. आजच्या चौदा वर्षांच्या मुलीला त्यातील चालीरीती परक्या वाटतील. परंतु आपल्या आयुष्याचे निर्णय आपल्याला न विचारता शेजारच्या खोलीत होत आहेत, ही भावना तिला समजावून सांगावी लागत नाही.

श्याम : उपदेशापलीकडचा

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बहुतांश भाग फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिला, पुस्तक 1935 साली प्रसिद्ध झाले. आश्रमातील सोबत्यांना श्याम रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, अशी बेचाळीस रात्रींची ही रचना. आचार्य अत्रे यांच्या 1953 सालच्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि श्याम घराघरांत पोहोचला.

या पुस्तकाचे एक दुर्दैव असे की ते नेहमी ‘संस्कारांचे पुस्तक’ म्हणूनच हाती दिले जाते. त्यात उपदेश आहे, तो गुरुजींनी लपवलेलाही नाही. मात्र वाचकाच्या मनात वर्षानुवर्षे काय उरते? पोहायला जायला घाबरून लपून बसलेला श्याम. पुस्तकांच्या लोभाने पैसे चोरणारा श्याम. सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेली आईची मानहानी मुकाट्याने पाहावी लागणारे घर. आणि सर्वांत शेवटी, शिक्षणासाठी दूर असलेला, आईच्या अखेरच्या घटकेला पोहोचू न शकलेला मुलगा. लाज, भीती, अपराध आणि उशीर या चार गोष्टींवर हे पुस्तक उभे आहे. सद्गुणी मुलाची कथा म्हणून ते टिकले नसते. चुकलेल्या मुलाची कथा म्हणून टिकले.

कोसला : गावाकडून पुण्याकडे आणि परत

1963 साली, वयाच्या पंचविशीत, भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ लिहिली. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, वसतिगृहातील दिवस, मेसचा कारभार, उधळपट्टी, परीक्षांतील अपयश आणि अखेर गावाकडे परतणे, असा हा प्रवास. युरोपीय परंपरेतला नायक शहरात जातो, ठेचकाळतो आणि बहुधा कोणीतरी होतो. पांडुरंग कोणीही होत नाही. धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूने तर त्याच्या जगण्याचा आधारच निखळतो. ‘कोसला’ची तुलना ‘द कॅचर इन द राय’शी अनेकदा झाली आहे, दोन्हींतील नायकांचा मोठ्यांच्या खोटेपणावरचा संताप पाहता ती साहजिकही आहे. तरीही वडिलांचा वाडा, शेती, भाऊबंदकी आणि खानदेशी बोली यांमुळे पांडुरंगाचे एकटेपण निराळ्या मातीतले आहे. प्रकाशनाला साठ वर्षे उलटून गेल्यावरही वसतिगृहांतून ही कादंबरी हातोहात फिरते, याचे कारण तिची प्रतिष्ठा हे नाही. गावाहून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी जो उबग येतो, तो ‘आळस’ या शब्दात मोडीत न काढणारे हे पुस्तक आहे.

झोंबी, वनवास आणि शाळा

बालपण सर्वांनाच सारखे मिळत नाही. आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ (1987) या आत्मचरित्रात्मक कादंबरीतला मुलगा कागलच्या परिसरात शाळेसाठी अक्षरशः झुंजतो. वडिलांना शेतावर राबणारे हात हवे आहेत, मुलाला पाटी हवी आहे. येथे शिक्षण ही पालकांची सक्ती नसून मुलाची चोरटी इच्छा आहे. शिकवण्यांच्या वेळापत्रकात अडकलेल्या शहरी मुलांना हे वाचताना धक्का बसतो आणि तो बसणे आवश्यकही आहे. या पुस्तकाला 1990 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

प्रकाश नारायण संत यांचा लंपन याहून वेगळ्या प्रकृतीचा. ‘वनवास’ (1994), ‘शारदा संगीत’ (1997), ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ ही पुस्तके रूढ अर्थाने कादंबऱ्या नव्हेत, ते कथासंग्रह आहेत. परंतु एकाच मुलाच्या वाढण्याची सलग गोष्ट म्हणूनच वाचक ती वाचतो. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा कानडी हेल मिसळलेल्या सीमाभागातील मराठीत बोलतो. सुमीची ओढ, आईची आठवण, पोटात उगाच कालवणारे काहीतरी. त्याला नाव देता येत नाही, म्हणून तो जगाला ‘मॅड’ म्हणून मोकळा होतो. ज्या भावनेला अजून शब्द मिळालेला नाही तिच्याशी संतांनी इतके इमान राखले की मोठा वाचकही आपले शहाणपण बाजूला ठेवून ऐकू लागतो.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ 2004 साली प्रसिद्ध झाली. आणीबाणीच्या काळातील नववीचे एक वर्ष, मुकुंद जोशी आणि त्याची चौकडी, आणि शिरोडकर ही मुलगी. घडते फार थोडे : नजरानजर, शिकवणीचा वर्ग, चार वाक्यांचे बोलणे. वर्ष संपते, ती गाव सोडून जाते आणि मुकुंदपुढे दहावी उभी राहते. मोठ्यांच्या हिशेबी हे काहीच नव्हे. मुकुंदच्या हिशेबी ते सर्वस्व आहे आणि कादंबरी क्षणभरही त्याचा हिशेब चुकीचा ठरवत नाही. सुजय डहाके यांनी 2012 साली या कादंबरीवर आणि 2023 साली ‘श्यामची आई’वर चित्रपट केला. सत्तर वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या दोन मुलांकडे एकाच दिग्दर्शकाला वळावेसे वाटले, ही गोष्ट या परंपरेच्या सलगतेबद्दल पुरेशी बोलकी आहे.

टिकण्याचे रहस्य

यमू, श्याम, पांडुरंग, आनंदा, लंपन आणि मुकुंद यांच्यात काळाचे, जातीचे, प्रदेशाचे अंतर मोठे आहे. त्यांना जोडणारा धागा एकच. या लेखकांनी मुलाचे दुःख मुलाच्याच मापाने मोजले. ‘मोठा झालास की विसरशील’ हे वाक्य प्रत्येक घरात उच्चारले जाते आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु ज्या वयात ते ऐकावे लागते त्या वयात ते अन्यायाचे असते. या पुस्तकांत ते वाक्य कोणी लेखक उच्चारत नाही. म्हणूनच कुमारवयीन वाचकाला प्रथमच असे वाटते की आपल्या मनात चाललेला गोंधळ हा दोष नाही. तो आपल्याआधी कोणीतरी अनुभवला आहे आणि लिहून ठेवण्याच्या योग्यतेचा मानला आहे.

दुसरे कारण भाषेचे. वसतिगृहातील बोलणे, सीमाभागातील हेल, शाळकरी मुलांचे सांकेतिक शब्द यांना या लेखकांनी प्रमाण भाषेची इस्त्री केली नाही. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना पाठ्यपुस्तकी मराठी अवघड वाटते, पण जिवंत बोली कान देऊन ऐकली तर पोहोचते. म्हणूनच ‘वनवास’सारखे पुस्तक घरात मोठ्याने वाचून दाखवणे हा उत्तम उपाय ठरू शकतो.

कोणते पुस्तक केव्हा?

याचे काटेकोर उत्तर नाही; तरी काही सुचवता येईल. लंपनच्या कथा दहा-अकराव्या वर्षापासून चालतात. ‘श्यामची आई’ त्याच सुमारास द्यावी, पण परीक्षा घेतल्यासारखे ‘काय शिकलास?’ असे विचारू नये. ‘शाळा’ आणि ‘झोंबी’ आठवी-नववीत एकापाठोपाठ वाचली तर एकाच वयाची दोन टोके दिसतात. ‘पण लक्षात कोण घेतो?’ची भाषा जुनी आहे. ती घरातल्या एखाद्या मोठ्या माणसासोबत वाचावी. ‘कोसला’ महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षासाठी राखून ठेवावी. हरिभाऊंचे आणि गुरुजींचे लेखन आता स्वामित्वहक्कातून मुक्त झाले असल्याने ते अल्प किमतीत सहज उपलब्ध होते.

आणखी एक सूचना पालकांसाठी. मुलाच्या हाती देण्यापूर्वी हे पुस्तक स्वतः पुन्हा वाचावे. पहिल्या वाचनात आपण मुकुंदच्या बाकावर बसलेलो असतो, दुसऱ्या वाचनात त्याच्या वडिलांच्या खुर्चीत. चौदाव्या वर्षी जे दुःख आभाळाएवढे वाटले होते ते आता किती लहान भासते, हे पाहून हसू येण्याची शक्यता आहे. ते हसू आले, तर आपल्या घरातील चौदा वर्षांच्या माणसाशी आपण काल संध्याकाळी काय बोललो, हे एकदा आठवून पाहावे.