'चल' ते व्हेरिएबल

आमच्या पिढीने प्रोग्रॅमिंग शिकले ते पुस्तकांतून. १९७८ साली ब्रायन कर्निहन व डेनिस रिची यांचे 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' आले. पण ते थोडीफार ओळख असलेल्यांसाठी होते. अगदी नवख्यांचा हात धरला तो नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'ने. इंजिनिअरिंगला मीही तेच वापरले. संगणकावर बसायची पाळी येईपर्यंत वहीत प्रोग्रॅम लिहून प्रत्येक ओळीनंतर चलाची किंमत मांडायचे.

मराठी माध्यमातून आलेल्या मला इंग्रजीपेक्षा अडले ते 'क्ष = क्ष + १'पाशी. शाळेच्या बीजगणितात हे समीकरण अशक्यच! सी भाषेत मात्र = म्हणजे 'समान' नव्हे; उजवीकडची किंमत डावीकडच्या चलात ठेव, असा तो आदेश. समानता तपासायला == लागते. अल्गोल भाषेने तर किंमत ठेवण्यासाठी := असे वेगळेच चिन्ह घेतले होते.

शाळेत 'चल' पक्का झाला होता, म्हणून हा फरक मला मराठीतूनच उमगला. आज व्हिडिओ पुष्कळ आहेत. तरी आपल्या ग्रंथालयात अशी पुस्तके असावीत, आणि ती मराठीत समजावणारे माजी विद्यार्थीही. शनिवारचा एक तास मी देईन. आणखी कोण येणार?