हस्तिदंती मूठ आणि उलटी नोंद

१८१८ साली मंदसौरचा तह झाला, होळकरांच्या लढाया संपल्या आणि माळव्यातल्या मराठी घरांतली हत्यारं हळूहळू खुंटीवरून ट्रंकेत गेली. आमच्या देपालपूरच्या घरातही हस्तिदंती मुठीची एक सुरी आहे. दिवाळीच्या आवराआवरीत ती पडली आणि मुठीचे दोन तुकडे झाले.

नातू म्हणाला, "आजोबा, अरल्डाइट आणतो, पाच मिनिटांचं काम." ओळखीचे जुने कारागीर म्हणाले, "साहेब, लाखच लावा." दोघांचं ऐकलं आणि मग नीट माहिती काढली.

हस्तिदंत म्हणजे शेवटी दातच. ओल लागली की फुगतो, कोरड्यात आकसतो आणि तडकतो. त्यामुळे सरस, फेविकॉल असे पाण्यातले चिकट पदार्थ बाद.

लाखेचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पूर्वी पात्याचं मागचं टोक मुठीत घालून लाखेनं बसवत. तापवलं की लाख मऊ पडते, पातं निघतं. म्हणून तर जुन्या मुठीला नवं पातं बसवता यायचं. पण तडकलेल्या हस्तिदंताला ती आच सोसत नाही.

अरल्डाइट घट्ट खरं, पण काळानं पिवळं पडतं आणि पुन्हा सुटता सुटत नाही. ओढाताण झाली तर जोड राहतो, शेजारचा भाग तुटतो.

संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ वापरतात. ती अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून लावायची. उद्या जोड काढायचा झाला तर अ‍ॅसिटोननंच सुटते. मला हे लगेच पटलं. बँकेत आम्ही चुकलेली नोंद खोडत नसू, उलटी नोंद करून दुरुस्त करत असू. जोडही तसाच हवा, पुढच्याला उलटवता येणारा.

शिवाय नवा तुकडा आणणार कुठून? १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली हस्तिदंताची खरेदी-विक्री आता बंद आहे, घरात ठेवायलाही मालकी प्रमाणपत्र लागतं. आमच्याकडे ते वडिलांच्या नावाचं आहे. म्हणजे आहे तो तुकडा जपणं, एवढंच हातात.

जाणकाराकडून जोडून घेतली. बारीक रेघ दिसते, ती मुद्दाम रंगवली नाही. कधी आणि कशानं जोडलं याची चिठ्ठी डबीत ठेवली आहे.

तुमच्याकडे असं काही तुटलेलं असेल तर घाई करू नका. तुकडे कापसात गुंडाळून ठेवा, बारीक कपचीसुद्धा टाकू नका. आणि कागदपत्रं आहेत का, ते आधी बघा.