पोचंपाडचं मासोळीचं बी

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या भोई मंडळींना मासे धरणं कुणी शिकवावं लागलं नाही. मासे पेरायला मात्र आपण फार उशिरा शिकलो. ते कसं शिकलो आणि त्यात माझ्या हातून काय चुकलं, ते आज लिहितो. घरातही कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं गाव बेला भागात, पैनगंगेच्या दक्षिणेला. १९५६ साली भाषावार राज्यं झाली तेव्हा किनवट, राजुरा मुंबई राज्यात गेले, आम्ही नदीच्या अलीकडे राहिलो. घरात मराठी आणि कचेरीत तेलुगू. माझे आबाजी (आईचे वडील) सोसायटीचे जुने मेंबर. तळं लिलावात घ्यायचं, वर्गणी काढायची आणि बी आणून सोडायचं, असा कारभार.

बी आणावंच लागतं, कारण कटला, रोहू, मृगळ तळ्यात वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. मादीच्या पोटात गाभोळी तयार होते, पण वाहतं पाणी, पूर नसेल तर ती तशीच जिरून जाते. म्हणून पूर्वी देशभर नदीतलंच बी गोळा करत. कलकत्त्याकडून मातीच्या हंड्यांत घालून ते रेल्वेनं दूरदूर जायचं. सोबतचा माणूस वाटभर हंडी हलवत बसायचा, पाण्यात हवा राहावी म्हणून. तरी निम्मं वाटेतच मरायचं. शिवाय त्या बियात नको ते मासेही निघायचे, ते वेगळंच.

हे बदललं ते १० जुलै १९५७ ला. ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी कार्प माशांना पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचला आणि बंद पाण्यात अंडी मिळवली. मेलेल्या माशाच्या मेंदूखालची वाटाण्याहूनही बारीक गाठ, तिचा हा अर्क. आता १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडे तो फारसा कुणाला ठाऊक नाही, ठाऊक असायला हवा.

१९९३ चा पावसाळा. मी बारा वर्षांचा, आदिलाबादच्या वसतिगृहात राहून तेलुगू शिकलेला. म्हणून आबाजींनी मला दुभाष्या म्हणून सोबत घेतलं. भाड्याची जीप, चार मेंबर आणि मी. सात नंबरच्या हायवेनं इच्चोडा, नेरेडिगोंडा, महबूब घाट, निर्मल, मग सोनचा पूल. गोदावरी ओलांडली की पोचंपाड. तिथं श्रीरामसागर धरणाच्या पायथ्याला सरकारी मत्स्यबीज केंद्र आहे.

गोल सिमेंटच्या टाक्या, त्यात पाणी सारखं गरगर फिरतंय. साहेब म्हातारे, सावकाश बोलणारे. आबाजींना 'पेद्दय्या' म्हणायचे. त्यांनी सांगितलं की मादीला सुई संध्याकाळी, सहा तासांनी दुसरी, तेव्हाच नराला एक. पहाटेपर्यंत अंडी. पंधरा-अठरा तासांत पिल्लं फुटतात. किलोभर वजनाच्या रोहूच्या मादीला सुमारे दोन लाख अंडी. ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी दाखवलं, तर त्यात नुसत्या डोळ्यांच्या काड्या हलत होत्या.

आबाजी वाकून बघत म्हणाले, "हे तं जिऱ्यावानी हाय लेका."

पुढं महाराष्ट्राच्या सरकारी पुस्तिकेत 'मत्स्यजिरे' हा शब्द वाचला तेव्हा मी हसलो. आबाजींना तो कुणी सांगितला नव्हता.

मग त्यांनी मला विचारायला लावलं, "पहिल्या पुराले मासोळी वर चढते, तवा तिचं पोट भरलेलं असते. हे सुईचं काम म्हंजे पुराचंच काम ना?" मी तेलुगूत सांगितलं. साहेबांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, बरोबर, आम्ही इथं खोटा पूर आणतो. आबाजी बराच वेळ गप्प होते. पहिल्या पुराला जाळं लावून पोटुशी मासोळी धरणं ही आमच्याकडची मोठी कमाई. आजीच्या हातच्या तळलेल्या गाभोळीची चव अजून जिभेवर आहे.

बोटाएवढी पिल्लं ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून मिळाली. निघताना साहेब काही सांगत होते. माझं लक्ष टाकीच्या फवाऱ्याकडं. कानावर पडलं ते एवढंच की तळ्यावर घाई करू नका. मी आबाजींना म्हटलं, "सावकाश जा म्हणतात." त्यांना वाटलं, गाडी सावकाश चालवायची.

घाटात टायर पंक्चर झालं. तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. मेंबरांनी भराभर पिशव्या फोडून पाण्यात ओतल्या. पिशवीतलं पाणी गार, काठचं पाणी तापलेलं. थोड्याच वेळात कडेला पांढरी पोटं दिसू लागली. साहेबांचं वाक्य मला तेव्हा पुरतं आठवलं: बांधलेली पिशवी आधी तळ्यात तरंगत ठेवा, दोन्ही पाणी सारखं होऊ द्या, मग तोंड सोडा.

मी बोललो नाही. एक मेंबर म्हणाला, बीच खराब दिलं. आबाजी म्हणाले, "नाही, तिथं सारे जिते होते." वर्गणी दोन वर्षं फिटली नाही. पुढच्या पावसात आबाजींनी पहिल्या पुराला जाळं लावलं नाही. लोक म्हणाले, म्हातारा पोचंपाडहून बिघडून आला.

२०१६ ला तेलंगणा सरकारनं सोसायट्यांना फुकट मत्स्यबीज द्यायला सुरुवात केली. त्यानंतर एका पावसाळ्यात गावी होतो. ट्रक आला. आमच्याच वस्तीतल्या पोरांनी पिशव्या उतरवल्या, बांधलेल्याच पाण्यात ठेवल्या आणि काठावर बसून गप्पा मारू लागली. मी गुपचूप घड्याळ बघत होतो. वीस मिनिटांनी त्यांनी पहिली गाठ सोडली.