बांधलेला कुत्रा आणि मोकळा कुत्रा

अकोल्यात गिरणीचा भोंगा वाजत असे, त्या काळी आमच्या चाळीतला मोती पाळी सुटताच फाटकाकडे धाव घेई. डब्यातली उरलेली भाकर त्याला मिळे. अमरावतीकरांनाही असे मोती ठाऊक असतील.

खुणेवरून अन्नाची अपेक्षा करणे हे मेंदूचे काम आहे, हे लाळ मोजून दाखवले रशियातील पावलॉव्ह यांनी. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांच्या प्रयोगांवरून माणूसही भाकरीच्या तुकड्याने हवा तसा वळवता येतो, असा सोयीचा अर्थ अनेकांनी काढला.

परंतु त्याच प्रयोगशाळेतली दुसरी हकीकत फारशी सांगितली जात नाही. एक कुत्रा चौकटीत बांधून घ्यायला काही केल्या तयार होईना. या वृत्तीला पावलॉव्ह यांनी १९१७ साली स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया म्हटले. अखेर त्याला चौकटीतच खायला देऊ लागले, तेव्हा तो नमला. नमवण्याची ही तऱ्हा कामगारांना नवी नाही.

पुढे २००८ साली व्हिएन्नात फ्रीडरिके रांगे यांनी दोन कुत्रे शेजारी बसवून पंजा मागितला. एकाला खाऊ मिळे, दुसऱ्याला काहीच नाही. दुसरा लवकरच पंजा देईनासा होई. एकटा असताना मात्र तो फुकटही अधिक वेळ पंजा देई. शेजाऱ्याला सरस खाऊ मिळाला तरी त्याची तक्रार नसे. आपला हात रिकामा राहिला की तो अडे. २०१७ साली लांडग्यांतही हीच वृत्ती आढळली. तेव्हा ती माणसाने शिकवली असे म्हणता येत नाही. कळपात जगणाऱ्या पूर्वजांचाच तो वारसा असावा.

अमेरिकेत ग्रेगरी बर्न्स यांनी २०१२ साली कुत्र्यांना न बांधता, हवे तेव्हा उठून जाण्याची मुभा ठेवून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. २०१६ साली त्यांना दिसले, की बहुतेक कुत्र्यांच्या मेंदूतला सुखाशी निगडित भाग खाऊइतकाच, काहींचा त्याहूनही अधिक, मालकाच्या शाबासकीने जागा होतो. बांधलेल्या कुत्र्याने लाळ दाखवली; मोकळ्याने जिव्हाळा दाखवला.

एकदा गिरणीत टाळेबंदी झाली. डबे रिकामे होते, तरी मोती फाटकाशी आमच्या वडीलधाऱ्यांजवळ बसून राही. पोरवयात आम्ही त्याला वेडा म्हणत होतो. आज तसे म्हणायला आमची जीभ धजत नाही.