नगरच्या फरारबाई

सावित्रीबाई फुल्यांची जयंती आपले मंडळ ३ जानेवारीस न चुकता करते. जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, ही हकिकत आपणा सर्वांना पाठ आहे. पण मुलींची शाळा कशी असते, ती चालवावी कशी, हे जोतीरावांनी आधी कोठे पाहिले होते? त्याचे उत्तर नगरात आहे. नगर म्हणजे अहमदनगर. २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले. तेथे सिंथिया फरार या अमेरिकन बाई मुलींना शिकवीत असत. भगिनींनो, त्या बाईंविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

बाईंचा जन्म १७९५ सालचा, अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतातला. पेशा शिक्षिकेचा आणि चर्चवर मोठी निष्ठा. (ख्रिस्ती लोक चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. म्हणजे आपल्या ‘मंडळा’चीच बहीण की!) बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने मुंबईत १८१३ पासून मिशनचे काम आरंभिले होते. तेच पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणून ओळखले गेले. तेथील मुलींच्या शाळांवर देखरेख करण्यास शिक्षिका हवी होती. त्या काळी मिशनऱ्यांच्या बायका नवऱ्याबरोबर परदेशी जात. परंतु अविवाहित स्त्रीने स्वतःच्या कामासाठी सातासमुद्रापलीकडे जाणे त्यांच्याकडेही जवळजवळ नवीनच होते. फरारबाई १८२७ च्या जूनमध्ये बोस्टनहून निघाल्या आणि डिसेंबरअखेर मुंबईस उतरल्या. सुएझचा कालवा व्हायला अजून चाळीस वर्षे अवकाश होता; जहाज आफ्रिकेला वळसा घालून येई. बाईंचे वय तेव्हा बत्तीस होते.

पेशवाई बुडून तेव्हा नऊच वर्षे झाली होती. बाईमाणसाने पाटी हातात धरली तर ती विधवा होते, अशी घरोघर समजूत. मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी व्हायचे, आणि ते झाले की तिची शाळा सुटली. म्हणजे अक्षरे जोडून वाचायला येऊ लागावे आणि मुलीने सासरी जावे! शिकविणारीने मग पुन्हा नवी मुलगी धरून पहिल्यापासून आरंभ करायचा. शिकलेल्या बायका नसल्याने शिकवायला पुरुष पंतोजी नेमावे लागत आणि बाई देखरेख ठेवीत. वाचन, लेखन, हिशेब, शिवणकाम आणि त्यांच्या धर्माचे शिक्षण, असा एकंदर क्रम असे. ही दगदग मुंबईत त्यांनी दहा वर्षे काढली. प्रकृती ढासळली म्हणून १८३७ साली त्या मायदेशी गेल्या. मला वाटते, दुसरी कोणी असती तर तेथेच राहिली असती. या मात्र १८३९ साली परत आल्या, आणि तेव्हापासून नगर हेच त्यांचे गाव झाले.

एक गोष्ट आपण आडपडदा न ठेवता बोलली पाहिजे. बाई आल्या त्या आपल्या धर्माच्या प्रचारासाठीच, आणि ते त्यांनी कधी लपविलेही नाही. मुलगी शाळेत घातली तर ती बाटेल, ही आईबापांची भीती मला तरी वेडगळ वाटत नाही. आज आपल्या लेकीबाबत आपणही दहा वेळा विचार करू. तरीसुद्धा काही आईबाप मुलींना पाठवीतच राहिले. अक्षराची ओढ अशी असते. मी स्वतः सातवीपर्यंत शिकले, मग लग्न झाले. पण तेवढ्या सात इयत्तांवर मुलांचे अभ्यास घेतले, मंडळाच्या हिशेबाची वही सांभाळली. म्हणून आठव्या वर्षी शाळा सुटलेल्या त्या नगरच्या मुलींचे शिकणे वाया गेले असे मी म्हणणार नाही.

आता जोतीरावांकडे येऊ. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेतील त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नोकरीनिमित्त नगरास होते. त्यांच्याबरोबर जोतीरावांनी फरारबाईंच्या शाळा पाहिल्या. तेथे मुलींना ज्या रीतीने शिकवीत, ती त्यांना फार पसंत पडली. आईच्या योगाने मुलाची जी सुधारणा होते ती फार महत्त्वाची, हे त्यांच्या मनाने घेतलेच होते. आता ते घडवून आणण्याची रीतही डोळ्यांपुढे आली. पुण्यास परतल्यावर त्यांनी शाळा काढली. सावित्रीबाईंनीही नगरास फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितलेले आढळते.

फुले पुढे मिशनऱ्यांच्या धर्मात गेले नाहीत, त्यांनी आपली वाट वेगळी काढली. पण उपकार विसरले नाहीत. १८५३ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात त्यांची जी मुलाखत आली, तीत त्यांनी फरारबाईंच्या शाळांचे नाव स्पष्ट घेतले. आपल्याकडे थोर माणसे आपल्या आधीच्यांचे ऋण असे उघड क्वचितच मांडतात, म्हणून मला याचे विशेष वाटते.

‘ज्ञानोदय’ हे त्याच मिशनचे पत्र, १८४२ साली नगरातच सुरू झालेले. ती मुलाखत छापून आली तेव्हा बाई हयात होत्या, साठीकडे झुकलेल्या. मुंबई-ठाणे आगगाडी त्याच वर्षी धावली, पण नगरला रूळ पोचायला अजून पंचवीस वर्षे होती. बाईंनी लग्न केले नाही. नगरच्याच मुलींना शिकवीत त्यांनी आणखी नऊ वर्षे काढली आणि १८६२ च्या जानेवारीत त्याच गावी देह ठेवला. मिशनने मुलींचे शिक्षण पुढेही चालू ठेवले. नगरची क्लेरा ब्रूस मुलींची शाळा ही त्याच कामाच्या परंपरेतली.