फोटोमागची नावे

निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि मधे सीमा आली. पण सोयरिकी, बाजारहाट आणि फुटबॉल यांनी ती कधी फारशी मानली नाही. माझे आजोळ कोल्हापुरातले. सुट्टीत मामा मला शाहू स्टेडियमवर सामने पाहायला नेत. ते उद्यमनगरात एका फौंड्रीत कामाला होते. आठवडाभर भट्टीपुढे उभे राहणारा हा माणूस तरुणपणी आपल्या पेठेच्या तालमीचा गोलरक्षक होता.

तालमीचा गोलरक्षक! परगावच्या माणसाला हे शब्द ऐकून हसू येते. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, तिथे फुटबॉल कुठून आला? पण कोल्हापूरचा फुटबॉल समजून घ्यायचा तर याच दारातून आत शिरावे लागते. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला; १९१२ साली खासबागचे मैदान उभे राहिले. पेठापेठांतल्या तालमी म्हणजे नुसती लाल माती नव्हे. गणपती तिथला, भांडणाचा निवाडा तिथला, कित्येक ठिकाणी मारुतीच्या सोबतीला मोहरमचा पंजाही तिथलाच. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९२२ ते १९४० या काळात, फुटबॉलला दरबारचा आधार मिळाला, तेव्हा या तयार घरात हा पाहुणा सहज सामावला. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे तालमींची आणि संघांचीही. जोडीला शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब. अगोदर लीग आणि मग निरनिराळ्या चषकांच्या स्पर्धा, असा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चाले.

पगारी खेळाडू हा प्रकार मामांच्या वेळी नव्हता. कोणी सोनारकाम करी, कोणी लेथवर असे. सामन्याच्या दिवशी दुपारी अर्धी रजा टाकायची, तालमीत जमायचे, मारुतीला नारळ फोडायचा आणि हलगीच्या मागोमाग मैदान गाठायचे. जिंकले तर पेठेत गुलाल. हरले तर मामा दोन दिवस मुख्य रस्ता सोडून बोळाने कामावर जात! ईर्षा फार, हे नाकारत नाही. तिचे पर्यवसान हाणामारीतही होई आणि त्यात भूषण मानण्यासारखे काही नाही. अलीकडच्या काळात काही संघांतून परप्रांतीच काय, नायजेरियन खेळाडूही खेळले. त्याबद्दल नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मला स्वतःला त्यात वावगे दिसत नाही. तालमीने एकदा आपला म्हटला की तो पेठेचा झाला.

मामा १९९८ साली गेले. घराच्या वाटण्या व्हायच्या होत्या. मामींनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत संघांचे फोटो, सामन्यांची हस्तपत्रके, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि एक वही. तिच्यात मामांनी कोणत्या सामन्यात कोण खेळले, गोल कोणी केला, हे पेन्सिलीने लिहिलेले. मामी म्हणाल्या, “ह्या कागदांचं काय करायचं रं बाळ? तू शिकलेला, तूच सांग.” मी एम.ए. झालेला, शाळेत इतिहास शिकवणारा. एक चषक आठवण म्हणून पिशवीत घातला आणि बाकीची ट्रंक रद्दीवाल्याच्या तराजूत उपडी केली. सीमाभागातल्या माणसाला जुन्या कागदाचे मोल कोणी सांगावे? तरीही मी ते केले.

ते मला खऱ्या अर्थाने कळले २०१७ च्या ऑक्टोबरात. सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात होती आणि आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. दिल्लीला अमेरिकेविरुद्ध आपण शून्य-तीन हरलो, पण दुसऱ्या दिवशी शाळेत दुसरा विषय नव्हता. एका मुलाने विचारले, “सर, तुमचे मामा खेळायचे ना? त्यांचा मैदानातला फोटो आहे?”

मी तास लवकर सोडला.

तेव्हापासून शाळेत एक काम सुरू केले आहे. ज्यांचे आजोळ कोल्हापुरात आहे, अशा मुलांना सुट्टीत एकच गृहपाठ: घरातला जुना फोटो शोधा, त्याच्या मागे नावे लिहा आणि आजोबांना बोलते करून ते मोबाईलवर मुद्रित करा. फोटो आम्हाला नकोत, त्यांच्या प्रती पुरेत. मूळ ज्याचे त्याच्याकडे राहावे. मुली चिकाटीने विचारतात, मुले गोलांपाशी थांबतात, असा माझा अनुभव आहे. तालमींनीही आपल्या बैठकीत एक कपाट या कामासाठी राखावे. फार खर्च नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले, तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले. माळ्यावरच्या ट्रंका मात्र गाजावाजा न होता जातात.

एका मुलीने आणलेल्या फोटोत अकरा खेळाडू आहेत. त्यातल्या सातांची नावे तिच्या आजीने सांगितली. फोटोची प्रत आम्ही शाळेच्या दिवाणखान्यात लावली आणि चार जागा मोकळ्या ठेवल्या. परवा पालकसभेला आलेले एक आजोबा त्या फोटोपुढे थबकले. चष्मा पुसला, मागच्या रांगेतल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “ह्यो आमच्या बोळातला. खरं नाव कुणाला ठाऊक! सगळी बारक्या म्हणायची.”

मी पेन्सिलीने ‘बारक्या’ असे लिहून ठेवले आहे.